संगणकावरचा घाट आणि मागचं इंजिन

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला एकच जण उभा असला तरी हे भाषण चौघांचं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणणार आहोत. आम्ही चौघे म्हणजे एक शाळामास्तर, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि इंजिनिअरिंगला असलेली दोन पोरं. दर रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही संगणकावर मालगाडी चालवतो. "हे काय वय आहे का खेळायचं?" असं आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलंय. कार्यकारिणीनंही विचारलंय, फक्त त्यांनी वीजबिलाचं निमित्त काढलं. आजचं भाषण हे त्याचं उत्तर समजा.

आम्ही जो घाट चढतो तो तुमच्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा ज्यांच्या घरची, ती बेळगावची मंडळी लोंढ्यावरून, कॅसलरॉकवरून कुळेला उतरलेली आहेतच. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीजांचा करार झाला, त्यातून मुरगाव बंदराला जोडणारी ही रेल्वे निघाली आणि १८८८ मध्ये गाडी घाट चढून कॅसलरॉकला पोचली. तेव्हा ती मीटर गेज होती. ब्रॉड गेज झाली ती १९९० नंतरच्या दशकात. कुळे ते कॅसलरॉक सुमारे २६ किलोमीटर. मध्ये सोनावळी, दूधसागर आणि करंझोळ. आपण खिडकीतून धबधबा बघायचो, पोरं बोगद्यात ओरडायची आणि वडीलधारी माणसं डबा उघडायची. गाडीच्या शेपटीला इंजिन लागलंय, हे कुणी वळून बघितलं तर बघितलं.

या घाटाचा चढ १:३७ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. ऐकायला काहीच वाटत नाही. मोटारीला तर असा चढ जाणवणारही नाही. पण रेल्वेचं चाक लोखंडी, रूळही लोखंडी, आणि दोघांचा स्पर्श होतो तो एखाद्या नाण्याएवढ्या जागेवर. सपाटीवर हाच तिचा मोठा गुण आहे. एक टन वजन चालतं ठेवायला दोन-तीन किलोची ओढ पुरते. १:३७ च्या चढावर मात्र त्याच एका टनाला नुसत्या चढाचीच २७ किलो ओढ लागते. वळणांची आणि चाकांची धरून ३० म्हणा. सपाटीच्या दहापट. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा बल्लारीकडच्या पोलाद कारखान्यांकडे जातो, तो भरलेल्या वाघिणींतून हाच घाट चढून.

आमच्यातल्या पोरांनी 'ओपन रेल्स' नावाचा सिम्युलेटर संगणकावर घातला. तो फुकट मिळतो, जगभरातली हौशी मंडळी मिळून तो तयार करतात. चढ आणि वळणं जमतील तितकी नकाशावरून घेऊन पोरांनी २६ किलोमीटरचा मार्ग स्वतः बांधला. आमचा दूधसागर वाळत घातलेल्या धोतरासारखा दिसतो, हे आधीच कबूल करतो. पण चढ खरा आहे, आणि हा सिम्युलेटर हिशेबाला पक्का आहे. इंजिनाचं वजन, ताकद, चाकांची पकड, प्रत्येक कपलिंगवरचा ताण तो सतत मोजतो आणि मागितलं की पडद्यावर दाखवतो.

पहिल्या रविवारी आम्ही कोळशाच्या ५८ वाघिणी घेतल्या. भरलेली एक वाघीण साधारण ८१ टनांची, म्हणजे गाडी सुमारे ४,७०० टन. पुढे 'डब्ल्यूडीजी-४' जातीचं एक डिझेल इंजिन लावलं. आपल्या हुबळीच्या शेडमधली हीच ती इंजिनं, ४,००० अश्वशक्तीची, वजन १२६ टन. कुळे सोडलं, चढ लागला, आठव्या नॉचपर्यंत ताकद दिली. चाकं जागच्या जागी फिरली, गाडी थांबली आणि मागे घसरायला लागली. आमचे बँकवाले म्हणाले, "कर्ज जास्त, तारण कमी."

दुसऱ्या रविवारी आम्ही शहाणे झालो आणि पाचही इंजिनं पुढे लावली. गाडी जोरात निघाली. घाटात शिरून थोडी वर आली आणि पहिल्या वाघिणीचं कपलिंग तुटलं. हिशेब मांडल्यावर कारण कळलं. ४,७०० टनांना प्रत्येकी ३० किलो म्हणजे १४० टनांच्या वर ओढ, आणि ती सगळी एकट्या पहिल्या कपलिंगवर. ताकद कमी नव्हती. ती एकाच ठिकाणी गोळा झाली होती.

मग खऱ्या घाटात अनेकदा जसं दिसतं तसं केलं, दोन इंजिनं पुढे आणि तीन मागे. मागच्या इंजिनांना रेल्वेत 'बँकर' म्हणतात. हे कळल्यापासून आमचे बँकवाले स्वतःची ओळख त्याच नावानं करून देतात. आता पुढच्या कपलिंगवर ५५-६० टनच ताण आला. पुढची इंजिनं साधारण तेवीस वाघिणी ओढतात, मागची पस्तीस वाघिणी ढकलतात. मध्ये एक कपलिंग असं असतं की त्यावर ना ओढ असते ना ढकल. पडद्यावर ते शून्य दिसलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. गाडी ताशी वीस-पंचवीसच्या वेगानं कॅसलरॉकला पोचली आणि आम्ही चहा मागवला.

त्या चहाला आमच्या गल्लीतले काका आले. तुमच्यापैकी बरेच जण त्यांना ओळखतात. ते आत्ता तिसऱ्या रांगेत बसलेत, आमचं काही चुकलं तर तिथूनच हात वर करतील. काका रेल्वेत वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकायला लागले, मग मीटर गेजवर वायडीएम-४ चालवलं, आणि शेवटची काही वर्षं ब्रॉड गेजची मोठी डिझेल. बरीचशी नोकरी याच घाटात झाली, आणि त्यातली बरीचशी बँकरवर.

आम्ही त्यांना मोठ्या हौसेनं गाडी दाखवली. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, "मागं कोण बसलंय?"

आम्ही म्हणालो, "कुणी नाही काका. पुढच्यानं नॉच वाढवला की मागची इंजिनं आपोआप तेवढाच वाढवतात."

"मग हा घाट नव्हे," काका म्हणाले.

गाडीची लांबी इंजिनांसकट सातशे मीटरच्या पुढे जाते. पुढचं इंजिन बोगद्यातून बाहेर पडून पुढच्या वळणावर असतं तेव्हा मागचं अजून बोगद्यातच असतं. पुढच्याला मागचा दिसत नाही आणि मागच्याला तर काहीच दिसत नाही. समोर शेवटच्या डब्याची पाठ, एवढंच त्याचं जग. पुढच्यानं ताकद कमी केली आणि मागचा ढकलत राहिला, तर वळणावर मधली रिकामी किंवा हलकी वाघीण रुळावरून उचलली जाऊ शकते. मागच्यानं हात आखडता घेतला तर पुढचं कपलिंग ताणलं जातं. शिट्टीची खूण असते, नंतरच्या काळात वॉकीटॉकी आला, पण काका म्हणाले, "खूण येईपर्यंत उशीर झालेला असतो. पाठीला कळायला पाहिजे." सीटमधून पाठीला जो दाब जाणवतो त्यावरून पुढचा काय करतोय ते ओळखायचं. आमच्या खोलीतली प्लास्टिकची खुर्ची काही तो दाब देत नाही.

मग आम्ही रचना बदलली. सिम्युलेटरमध्ये मागच्या इंजिनांचं नियंत्रण वेगळं करता येतं. आमच्यातला एक जण पुढचा ड्रायव्हर झाला, काका मागचे. पडद्याच्या मध्ये पुठ्ठा उभा केला. काकांना फक्त त्यांच्या इंजिनांचे आकडे दिसायचे, रस्ता नाही. बोलायचं नाही, शिट्टीच द्यायची. आणि आम्ही पाऊस चालू केला.

पावसाचं गणित असं. कोरड्या रुळावर इंजिन आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त ओढ देऊ शकतं. म्हणजे पाच इंजिनांची दोनशे टनांच्या वर. इंजिनांचं स्वतःचं वजन धरून गाडीला लागते साधारण १६० टन, तेव्हा भागतं. पण रूळ ओला झाला, वर पानांचा चिखल बसला, की पकड पाचव्या हिश्श्यावर येते. मग पाचांची मिळून सव्वाशे टन. इंजिनात अश्वशक्ती तेवढीच असते, पण ती रुळावर उतरत नाही. अशा वेळी चाकांपुढे वाळू सोडायची, आणि चाक फिरायला लागलं तर ताकद वाढवायची नाही, उलट कमी करायची. आम्हा सगळ्यांचा हात अशा वेळी वाढवण्याकडेच जातो. आमच्या तीन गाड्या करंझोळच्या अलीकडे याच कारणानं अडकल्या.

काकांचं वेगळं होतं. त्यांना आता ऐकू कमी येतं. इतकी वर्षं इंजिनाशेजारी काढल्यावर येणार कसं? त्यांनी आवाज मोठा करायला सांगितला, तरी भागेना. तेव्हा त्यांनी डाव्या हाताचा तळवा स्पीकरवर ठेवला आणि उजवा हात कळफलकावर. तळव्याला जी थरथर लागत होती त्यावर ते नॉच कमी-जास्त करत होते. चाक फिरणार हे त्यांना आकडा हलायच्या आधी कळायचं. पुढे बसलेल्या आमच्या पोराला पुठ्ठ्यापलीकडून काही दिसत नव्हतं. तो नंतर म्हणाला, "गाडी हलकी झाल्यासारखी वाटत होती."

त्या रविवारी काकूही आल्या होत्या, काकांना न्यायला. त्या दाराशी उभ्या राहिल्या, मग बसल्या आणि शेवटपर्यंत बसून राहिल्या. सव्वा तास. सोनावळी सोडल्यावर काका एकदम बोलायला लागले. मीटर गेजच्या दिवसांत, पावसाळ्यातल्या एका रात्री, याच टप्प्यात त्यांच्या मालगाडीचं कपलिंग तुटलं होतं. नळी तुटली, ब्रेक लागले, पुढचा भाग पुढे थांबला, मागचा मागे. पण त्या वेळच्या व्हॅक्यूम ब्रेकचा दोष असा की तो हळूहळू सुटत जातो. मागच्या वाघिणी उतारावर उभ्या, आणि त्यांच्या खाली फक्त काकांचं इंजिन. गार्ड आणि सहायक पावसात एकेका वाघिणीचा हँडब्रेक आवळत, चाकांखाली दगड सारत गेले, आणि काका उजाडेपर्यंत इंजिनाचा ब्रेक धरून बसले. एवढीच गोष्ट. कुणाला इजा झाली नाही, म्हणून ती कुठे छापून आली नाही.

काकूंनी विचारलं, "हे कधीचं?"

काका म्हणाले, "तुला सांगितलं होतं की. गाडीला उशीर झाला म्हणून."

काकू थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्ही नुसते मागं बसून येता."

त्यानंतर खोलीत कुणी बोललं नाही. गाडी अजून चढत होती, तेव्हा बोलायला फुरसतही नव्हती. करंझोळ गेलं, चढ संपत आला, आणि पुढच्या पोरानं शिट्टी दिली. काकांनी तळवा स्पीकरवरून उचलला.

मंडळी, सिम्युलेटर खोटा आहे हे आम्हाला माहीत आहे. त्यात पाठीला दाब लागत नाही, अंगावर पाऊस येत नाही आणि कपलिंग तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं. पण त्याच्यासमोर बसल्यावर काकांना जे आठवलं, ते आम्ही नुसतं "तुमच्या नोकरीतलं काही सांगा" म्हटलं असतं तर आठवलं नसतं. हाताला काम मिळालं तेव्हाच ते तोंडात आलं. आता आमची पोरं त्यांचं सांगणं वहीत उतरवून घेतात. कुठल्या वळणावर किती नॉच, वाळू कधी, शिट्टीच्या खुणा कोणत्या, रात्री झोप आली तर काय करायचं. काकांच्या नातवानं परवा ती वही घरी नेली आणि अजून परत दिलेली नाही. आम्हीही मागितलेली नाही.

आपल्या या भागातल्या कितीतरी मराठी घरांत कुणी ना कुणी रेल्वेत होतं. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, गँगमन, स्टेशनमास्तर. कुणी शेडमध्ये, कुणी वर्कशॉपमध्ये. ती माणसं आता ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांचे फोटो, बिल्ले, कंदील नंतरही मिळतील. आमची विनंती एवढीच की त्यांना स्वतःला घेऊन या. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. जिना चढवत नसेल तर फोन करा, आम्ही खाली येऊ. पोरं आहेत, हात देतील. खुर्च्या दोन आहेत. पुढची कुणालाही मिळेल. मागची आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे.

वीजबिलाचं काय ते कार्यकारिणीनं ठरवावं.

गणपती बाप्पा मोरया!