'टेम्प्ट' : मोह, आमिष की कसोटी?



आजच्या व्याख्यानासाठी मी एकच इंग्रजी क्रियापद निवडले आहे : टेम्प्ट. ते आता आपल्या घरांतही रुळले आहे. मिठाईच्या दुकानासमोर 'टेम्प्टेशन होतंय' असे नातवंडे म्हणतात आणि आपणही म्हणतो. शब्द आला म्हणून तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र तो कोठून आला आणि त्याने आपले कोणते शब्द बाजूला सारले, हे पाहण्यासारखे आहे.

या क्रियापदाचे मूळ लॅटिन 'टेम्प्टारे' किंवा 'टेंटारे' यात आहे. त्याचा अर्थ हाताने चाचपणे, अजमावणे, पारखणे. वैद्य नाडी पाही तेव्हाही लॅटिनमध्ये हेच क्रियापद चाले. आपणही नाडी 'पाहतो' आणि त्या विद्येला 'नाडीपरीक्षा' म्हणतो. इंग्रजीतला 'अटेम्प्ट', म्हणजे प्रयत्न, याच घरचा. 'टेंटेटिव्ह', म्हणजे चाचपडत केलेले, तेही याच घरचे. अष्टपाद समुद्रजीव ज्यांनी चाचपतो त्या सोंडांना 'टेंटॅकल' म्हणतात, तोही त्यांचाच भाऊबंद. जुन्या फ्रेंचमधून हे क्रियापद तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आले. तेव्हा त्यात मोह होता आणि परीक्षाही होती.

ही परीक्षा त्यात बराच काळ टिकली. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये, ईश्वर अब्राहामाला पुत्राचा बळी देण्यास सांगतो त्या कथेच्या आरंभी, ईश्वराने त्याला 'टेम्प्ट' केले असे शब्द आहेत. तिथे भुलवण्याचा प्रश्नच नाही. ईश्वर त्याची निष्ठा पारखतो आहे. पुढे क्रियापदातला पारखण्याचा अर्थ मागे पडला आणि भुलवण्याचा तेवढा उरला. मग तेच वाक्य वाचकाला खटकू लागले आणि एकोणिसाव्या शतकातील सुधारित आवृत्तीत तेथे दुसरे क्रियापद घालावे लागले.

हा वाद अजून संपलेला नाही. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत 'आम्हाला टेम्प्टेशनमध्ये नेऊ नकोस' अशा अर्थाचा चरण आहे. ईश्वर माणसाला मोहात लोटतो काय, असा प्रश्न त्यावरून उठला. 2017 च्या अखेरीस फ्रान्समध्ये कॅथॉलिक चर्चने हा चरण बदलला, 2020 मध्ये इटलीतही तो बदलला. मराठी बायबलमध्ये मात्र त्या जागी 'परीक्षा' हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दात परीक्षा आणि मोह हे दोन्ही अर्थ आहेत. मराठी भाषांतरकारांनी त्यांतला पहिला उचलला.

मोहातून परीक्षा घेण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. कठोपनिषदातला नचिकेता आठवा. मृत्यूनंतर काय, हे त्याने विचारताच यम त्याच्यापुढे शंभर वर्षे जगणारे पुत्रपौत्र, हत्ती, घोडे, सोने, राज्य, अप्सरा असे सारे मांडतो. पोरगा हलत नाही. मग यमच प्रसन्न होऊन त्याला ज्ञान देतो. यमाने त्याला मोह घातला, हे खरे; पण तो त्याची कसोटी पाहत होता. जुने 'टेम्प्ट' नेमके हेच सांगत असे. 'कसोटी' म्हणजे सोने घासून पाहण्याचा दगड. चाचपून पारखणे येथेही आहेच.

आता आपल्या नेहमीच्या शब्दांकडे या. 'मोह' हा मुह् धातूचा, म्हणजे भांबावणे. 'मूढ' आणि 'मुग्ध' त्याचीच भावंडे. म्हणून मोह 'पडतो', 'होतो', आणि तो 'आवरता' येतो. या शब्दात सारा कारभार ज्याला मोह झाला त्याच्या मनात चालतो. 'आमिष' म्हणजे मूळचे मांस. 'निरामिष' भोजनात ते अजून दिसते. गळाला लावायचा तो तुकडा. म्हणून आमिष कोणीतरी 'दाखवतो', आणि शब्द उच्चारताच गळ धरणारा हात दिसतो. 'भुरळ' घालतात, 'नादी' लावतात. 'खुणावणे' तर निरागस आहे. डोंगर खुणावतात, त्यात कोणाचा दोष नाही. आणि 'लोभ'? षड्रिपूंत बसलेला हा शब्द आपण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' म्हणून प्रेमाने लिहितो. भाषाशास्त्रज्ञ इंग्रजीतले 'लव्ह' आणि आपला लुभ् धातू एकाच मुळाशी नेतात, हे ऐकल्यावर त्या दोन शब्दांचे आश्चर्य वाटत नाही.

या फरकांना घरात किंमत आहे. दुप्पट पैशाच्या योजनेत एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची पुंजी बुडाली, तर वर्तमानपत्र लिहिते, 'आमिष दाखवून फसवणूक'. शेजारी म्हणतात, 'लोभ नडला'. घटना एकच, पण पहिल्या वाक्यात गुन्हेगार समोर उभा राहतो आणि दुसऱ्यात फसलेला माणूसच आरोपी होतो. दुसरे वाक्य घरातही ऐकू आले, की तो माणूस गप्प बसतो आणि तक्रार नोंदवायलाही जात नाही. 'ते टेम्प्ट झाले' असे म्हटले तर कोणी केले, हे सांगायचेच राहते. इंग्रजी क्रियापदाला भुलवणारा कर्ता असतो. आपण ते उसने घेताना 'टेम्प्ट होणे' केले आणि नेमका तो कर्ताच गाळला.

आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या दोन-तीन भाषांत वावरणारी. कोणाच्या कानावर हिंदीतले 'ललचाना' पडते, कोणाच्या गुजरातीतले 'ललचाववुं', आणि इंग्रजी तर सर्वांच्याच. अशा घरांत शब्द उसने येणारच, त्यांना दाराशी अडवून काही साधत नाही. परंतु नातवंडाच्या तोंडी 'टेम्प्ट' आले की त्याला एवढे विचारून पाहा : तुला मोह झाला, कोणी आमिष दाखवले, की कोणी तुझी परीक्षा पाहिली? उत्तर देताना त्याला तिन्ही शब्द वापरावे लागतील, आणि त्या प्रसंगात आपला वाटा किती व दुसऱ्याचा किती, हेही ठरवावे लागेल.