सहामाहीच्या अखेरचे चोवीस तास



या व्यासपीठावरून विद्वान माणसे बोलतात. आमच्या नावापुढे पदवी नाही. आम्ही १९८७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, भोसरीच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. दहावी रात्रशाळेतून झालो, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके आणि निवाड्यांच्या प्रती वाचून झाले. महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या दिनक्रमावर आम्ही बोलावे असे चिटणीसांनी सुचविले तेव्हा आम्ही त्यांना म्हटले, की ज्या गावाला आम्ही कधी गेलो नाही त्या गावची वाट आम्ही काय सांगणार? ते म्हणाले, "तुमच्या कचेरीत मुले अभ्यासाला बसतात ना? मग जे पाहता ते सांगा." तेवढेच सांगण्याचा आमचा विचार आहे.

विषयाला वेळही योग्य आहे. बाजारात हापूस आला आहे, ऊन तापले आहे, आणि आपण सारे संध्याकाळच्या वाऱ्यात व्याख्यान ऐकायला जमलो आहोत. याच घटकेला गावातल्या कितीतरी घरांत सत्राची अखेर चालू आहे. आपल्यापैकी अनेकांनी वार्षिक परीक्षा दिल्या असतील. वर्षभर इकडे तिकडे करायचे आणि फेब्रुवारी लागला की डोक्याला पंचा बांधून बसायचे, असा तो काळ होता. आता सेमिस्टर आले. सेमिस्टर या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच सहा महिने. परंतु या सहा महिन्यांत शिकविण्याचे आठवडे धरले जातात पंधरा, म्हणजे कामाचे दिवस सुमारे नव्वद. बाकीचा काळ प्रवेश, परीक्षा, निकाल आणि सुट्या यांत जातो. तात्पर्य, आपल्या वेळी वर्षातून एकदा येणारी संक्रांत आता दोनदा येते, एकदा दिवाळीच्या तोंडावर आणि एकदा उन्हाळ्यात.

एप्रिल आणि ऑक्टोबर या दोन महिन्यांत आमच्या युनियनची कचेरी संध्याकाळी सहानंतर मुलांना खुली असते. चौदा खुर्च्या, दोन लांब टेबले, तीन पंखे आणि एक पाण्याचा माठ, एवढेच तिचे वैभव. तिथे येणाऱ्या एका मुलाचा दिवस आम्ही गेल्या एप्रिलात जवळून पाहिला. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, चौथ्या सत्रात होता. वडील ठेक्यावर वेल्डर, आई घरी डबे करते.

साडेपाचला नळाला पाणी येते म्हणून तो साडेपाचला उठे. साडेसातपासून दीडपर्यंत कॉलेज. तास संपत आलेले असले तरी राहिलेले प्रयोग उरकणे चालू असे. दोन ते चार जर्नल पुरे करणे, आणि पुरे झालेल्या जर्नलावर सही मिळविण्यासाठी प्राध्यापकांच्या खोलीबाहेर उभे राहणे. ग्रंथालयाचा 'नो ड्यूज'चा कागद, फीच्या पावतीची झेरॉक्स, हजेरी पंचाहत्तर टक्के भरत नसेल तर त्याचा अर्ज, आणि शेवटी हॉल तिकीट, या प्रत्येकाची रांग वेगळी. एकदा आम्ही त्याला विचारले, "अरे, एवढे आधी का नाही केलेस?" तो म्हणाला, "काका, आधी जायचो तर सर म्हणायचे, अजून वेळ आहे. आता सगळे एकदम आलेत तर म्हणतात, इतके दिवस झोपला होतास का?"

पाचला तो पार्सलच्या गोदामात कामाला लागे. पत्त्यांप्रमाणे खोकी वेगळी करायची, गाडीत चढवायची. सुटे अकराला. तिथून आमच्या कचेरीत येई, कारण घर एकाच खोलीचे आणि दिवा लावला की धाकट्यांची झोपमोड. दीडपर्यंत वाचन, मग घर.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कोणी दिवस सांगितला की आमचे बोट आपोआप तास मोजू लागते. कॉलेजचे सहा, जर्नल आणि रांगांचे दोन, गोदामाचे सहा, वाचनाचे दोन आणि जाण्यायेण्याचा एक, असे सतरा तास झाले. झोप चार. उरलेल्या तीन तासांत आंघोळ, जेवण, पाणी भरणे आणि आईचे डबे पोचविणे. या दिवसाला कोणी कामाचा दिवस म्हणत नाही, कारण आपल्या मनात अशी एक समजूत घर करून बसली आहे की शिकणे म्हणजे काम नव्हे. शिकणारा मुलगा म्हणजे मोकळा मुलगा. "त्याला काय, कॉलेजात तर आहे!" हे वाक्य आपण किती सहज बोलतो!

परंतु सरकारचा हिशेब तसा नाही. २०२३ साली जो राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर झाला, त्यात वर्षाच्या अभ्यासाचे १२०० तास आणि ४० श्रेयांक धरले आहेत. श्रेयांक म्हणजे मुले ज्याला क्रेडिट म्हणतात ते. एका क्रेडिटमागे ३० तास. त्यात वर्गातले बसणे आले, प्रयोग आले आणि घरचा अभ्यासही आला. म्हणजे एका सत्राचे ६०० तास. पंधरा आठवड्यांनी भागा. आठवड्याला ४० तास! कागदोपत्रीच विद्यार्थीपण ही पूर्ण वेळची नोकरी आहे. त्यात या मुलाचे गोदामाचे आठवड्याचे ३६ तास मिळवा. बेरीज ७६.

आता यापुढे दुसरा आकडा ठेवतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ज्या मागण्या केल्या, त्यांत आठवड्याच्या सुटीची मागणी होती. रविवारची सुटी मान्य व्हायला १० जून १८९० उजाडला. शिकागोच्या कामगारांनी १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांच्या दिवसासाठी संप केला, त्याची आठवण आपण १ मे रोजी करतो. आणि आपल्या देशात १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराला आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा घातली. आज ती सैल करण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय. इथे एवढेच पाहा, की लोखंडाशी झुंजणाऱ्या गड्याला जी मर्यादा माणुसकीची वाटली, तिच्या दीडपटीहून अधिक काम एकोणीस वर्षांचे पोर करीत होते, आणि त्याला मर्यादा घालणारा कायदा कुठेच नव्हता. कारण गोदामाला कॉलेज दिसत नाही, आणि कॉलेजला गोदाम दिसत नाही.

मुलींचे गणित तर आणखी अवघड. कचेरीत एक मुलगी येत असे. बरोबर सव्वासात वाजता ती वही मिटे, कारण साडेसातला घरी कणीक मळायची. परीक्षा जवळ आली म्हणून तिच्या घरच्या कामाला सुटी मिळाली नाही. भावाला मात्र मिळाली होती. भगिनींनो, हे आम्ही तुम्हाला सांगावे असे नाही. तुम्ही आमच्यापेक्षा अधिक जाणता.

आता प्रश्न असा, की सारे ओझे शेवटच्या तीन आठवड्यांत का येऊन पडते? मुले आळशी असतात हे उत्तर सोपे आहे, आणि काही अंशी खरेही आहे. कोणत्या वयात माणूस आळशी नसतो? परंतु हा प्रकार आम्ही कारखान्यात पुष्कळ पाहिला आहे. महिन्याचे पहिले पंधरा दिवस मशिने थंड, कारण कच्चा माल आलेला नाही. आणि पंचवीस तारखेनंतर रात्रंदिवस ओव्हरटाइम, कारण माल गेटबाहेर गेलाच पाहिजे. त्या घाईत माल खराब निघतो आणि बोटेही तुटतात. साहेब म्हणतात कामगार कामचुकार. पण दोष पहिल्या पंधरवड्यातल्या नियोजनाचा असतो.

कॉलेजात तेच घडते. मागचा निकाल उशिरा, म्हणून प्रवेश उशिरा. अनेक विषयांना कायम प्राध्यापक नाही. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे पैसे, अशा बोलीवर शिक्षक नेमतात, आणि त्यांची नेमणूक पुष्कळदा सत्र सुरू झाल्यावर होते. उत्तम शिकलेला, पण पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हे ठाऊक नसलेला तो शिक्षक! तोही आमच्या दृष्टीने ठेक्यावरचा कामगारच. पंधरा आठवड्यांचा अभ्यास मग दहा आठवड्यांत कोंबला जातो, आणि जर्नले एकाच आठवड्यात तपासली जातात. मुले एकमेकांची जर्नले रात्रभर उतरवून काढतात. ज्याने ब्युरेट धड हातात धरली नाही, त्याच्या वहीत बिनचूक आकडे असतात. प्राध्यापकाला हे कळते, मुलाला हे कळते, आणि सही होते. आमच्या कारखान्यातला जुना इन्स्पेक्टर म्हणत असे, की माल घडताना तपासा. घडल्यावर तपासून फक्त भंगार मोजता येते.

बंधूंनो, इतका वेळ आम्ही दुसऱ्यांचे दोष सांगितले. आता आमचा सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातला ठेक्यावरचा मुलगा आमच्याकडे आला. शेवटच्या वर्षाला होता. परीक्षेसाठी तीन दिवस सुटी हवी होती. ठेकेदार म्हणत होता, सुटी घेतलीस तर परत येऊ नकोस. त्याला युनियनची एक चिठ्ठी हवी होती. आम्ही वही उघडली, त्याचे नाव सभासदांत नव्हते. आम्ही म्हटले, "तू आमचा सभासद नाहीस, आम्हाला काही करता यायचे नाही." तो "बरं काका" म्हणाला आणि निघून गेला. घरी पैशांची गरज होती, त्याने कामच धरून ठेवले. विषय राहिले, मग शिक्षणच राहिले. पुढे एका सोसायटीच्या फाटकाशी तो आम्हाला पहारेकऱ्याच्या पोशाखात भेटला, आणि त्याने हसून आम्हाला सलाम केला. पहारेकऱ्याचे काम हलके आहे असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण तो सलाम आम्हाला अजून टोचतो. स्वतः रात्रशाळेत शिकलेल्या माणसाने ती वही उघडायला नको होती.

त्यानंतर आमच्या कार्यकारिणीत दोन ठराव झाले. एक, परीक्षेच्या काळात कचेरी मुलांना उघडी ठेवायची, मग बाप सभासद असो वा नसो. दुसरा, आमच्या प्रत्येक मागणीपत्रात शिकणाऱ्या कामगाराला, ठेक्यावरच्यालासुद्धा, परीक्षेची रजा मागायची. एका ठिकाणी ती मिळाली, दोन ठिकाणी नाकारली गेली. मागणे चालू आहे.

यात नवीन काहीच नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही वाट गरिबांच्या मुलांना दाखविली. पण एक फरक नीट ध्यानात घ्या. कर्मवीरांच्या योजनेत काम आणि शिक्षण एकाच छपराखाली होते. मुलाच्या हातात खोरे देणारा माणूसच त्याची परीक्षा कधी आहे हे जाणत होता. आज कमावणे एका मालकाकडे आणि शिकणे दुसऱ्या संस्थेत. दोघांची गाठ घालून देणारे कोणी नाही, म्हणून ती गाठ त्या मुलाच्या झोपेत पडते.

ही गाठ आपण घालू शकतो. कॉलेजांना आमची विनंती आहे, की जर्नलाची तपासणी दर पंधरवड्याला होऊ द्या, आणि काम करणाऱ्या मुलांची एक यादी सत्राच्या आरंभीच करा. सही कोणत्या दिवशी मिळेल एवढे जरी भिंतीवर लावलेत तरी त्यांची एक रोजी वाचेल. व्यापारी आणि कारखानदार मंडळी इथे बसली आहेत, त्यांना विनंती, की कामावर घेताना मुलाला "शिकतोस का?" असे विचारा, आणि परीक्षेचे दिवस वहीत टिपून ठेवा. परीक्षेनंतर तो मुलगा दुप्पट इमानाने काम करील, हे आम्ही अनुभवाने सांगतो. गावातल्या देवळांचे विश्वस्त, मंडळे, वाचनालये यांना विनंती, की वर्षातून दोन महिने एक खोली आणि एक दिवा रात्री मुलांना द्या. आणि आईबापांना एवढेच, की या तीन आठवड्यांत मुलीच्याही हातातले लाटणे काढून घ्या.

त्या बी.एस्सी.च्या मुलाचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी गोदामात जादा पाळी लागली. तो परीक्षेला गेला आणि काम गेले. एका विषयात एटीकेटी लागली, म्हणजे तो विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात बसायची परवानगी मिळाली. जूनमध्ये त्याला दुसरे काम मिळाले, सकाळी पेपर टाकण्याचे. राहिलेला विषय त्याने पुढच्या सत्रात सोडविला. आज आम्ही व्याख्यानाला निघालो तेव्हा तो कचेरीच्या पायरीवर पुस्तक घेऊन उभा होता, कारण किल्ली आमच्याजवळ होती. किल्ली त्याला देऊन आम्ही इकडे आलो. दिवा तो बंद करील अशी खात्री आहे. इथून उठून घरी जाताना ज्या खिडकीत आपल्याला उशिरापर्यंत दिवा दिसेल, त्या घरात दिवसाचे किती तास भरले, याचा मनाशी एकदा हिशेब करावा, एवढीच आपल्याला विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.