‘पीडीएफ आहे का?’ विचारणाऱ्यांना आणि न विकणाऱ्यांना



सकाळपासून या व्यासपीठावर वाचनसंस्कृतीच्या नावाने बरेच अश्रू ढाळून झाले. मी त्यात भर घालणार नाही. मांडवातल्या किती जणांच्या मोबाइलमध्ये हयात मराठी लेखकांच्या फुकटच्या पीडीएफ आहेत, एवढेच मला विचारायचे आहे. हात वर करू नका, छायाचित्रकार हजर आहेत.

‘लोकांना परवडत नाही हो!’ असे मला लगेच सांगितले जाते. ज्या ग्रुपवर नव्या सिनेमाची टेलिग्रामची लिंक पडते, त्याच ग्रुपवर हुरडा पार्टीची वर्गणी तासाभरात जमते. साने गुरुजी १९५० साली गेले. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो, म्हणून २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणीही कोणाला पाठवावी. खुशाल पाठवा. पण मघाशी जिला शाल-श्रीफळ दिलेत, त्या लेखिकेची कादंबरी फुकट वाटण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? शालीवर घर चालत नाही.

कायदा करा, कायदा करा, असा घोष असतो. कायदा आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमाची चोरटी प्रत करणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षे कैद आहे; दंड किमान ३ लाख, आणि तो निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. चोरट्या साइटने नाव बदलून पुन्हा दुकान थाटले, तर दरवेळी नवा दावा न लावता तिलाही बंद करता यावे, अशी वाट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये काढून दिली. हे सगळे हवेच. पण २०१६ साली ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी फुटला, तेव्हा त्या प्रतीवर ‘सेन्सॉरसाठी’ अशी इंग्रजी अक्षरे होती. थिएटरात कॅमेरा लपवणाऱ्याचे हे काम नव्हते. म्हणून निर्मात्यांनो, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रतीत वेगळी छुपी खूण घाला आणि ती प्रत कोणाच्या हाती दिली याची नोंद ठेवा. कुंपणच शेत खात असेल, तर नुसता राखणदार वाढवून काय होणार?

आता प्रकाशक मंडळी, तुम्ही. ‘ई-पुस्तक काढले की चोरी होते,’ हे मी फार ऐकले. चोर तुमच्या ई-पुस्तकाची वाट बघत नाही. तो छापील प्रत स्कॅन करतो. वाट बघतो तो प्रामाणिक वाचक, आणि त्याला तुम्ही ‘आवृत्ती संपली’ म्हणून परत पाठवता. मराठी सिनेमा दोन आठवड्यांत थिएटरातून उतरतो. मग गडचिरोलीच्या किंवा न्यू जर्सीच्या माणसाने तो पैसे मोजून कुठे बघायचा? ‘पायरेट बे’ ही चोरट्या फायलींची साइट ज्या स्वीडनमध्ये २००३ साली निघाली, तिथेच २००८ मध्ये गाण्यांचे स्पॉटिफाय सुरू झाले. चोरीपेक्षा सोपे दुकान उघडल्यावर लोक तिकडे वळले. आपण मात्र दुकानाला कुलूप लावून गिऱ्हाइकाला चोर म्हणतो.

म्हणून मी ठराव मांडतो : छापील पुस्तकाबरोबर त्याच दिवशी ई-पुस्तक निघावे, छापील किमतीच्या निम्म्याहून कमी दरात, आणि जे पुस्तक ५ वर्षे बाजारात नाही, त्याचे हक्क लेखकाला परत मिळावेत. अनुमोदन पहिल्या रांगेतल्या प्रकाशकांपैकी कोणीतरी द्यावे. मी थांबलो आहे.