बदल मागणाऱ्याने आधी काय द्यावं



मघाशी महाविद्यालयाच्या या संमेलनात वादविवाद स्पर्धेच्या विजेत्यांना ढाल देताना एक विचार मनात आला. मुलांनो, उद्या तुम्ही पतसंस्थेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत, साखर कारखान्यात किंवा सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागाल. तिथं गुण द्यायला परीक्षक नसतील. वर्षभरात तुमच्या लक्षात येईल, की इथलं अमुक काम याहून चांगलं करता येईल. तुम्ही ते सांगाल, आणि उत्तर येईल, “आमच्याकडे असं चालत नाही.” त्या दिवशी काय करायचं, एवढंच मी आज बोलणार आहे. त्यासाठी मला आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडला जायचं आहे, पण व्हिएन्नाच्या वाटेने.

1847 साली व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाईस नावाचा तरुण डॉक्टर काम करत होता. तिथं बाळंतिणींचे दोन कक्ष होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी बाळंतपणं करत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या कक्षात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत. सेमेलवाईसने कारण शोधलं: हे लोक शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीच्या खोलीत येत होते. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाळंतिणी दगावत होत्या, ते प्रमाण काही महिन्यांत दोनाच्या आसपास आलं.

याहून मोठा पुरावा काय हवा? तरीही वरिष्ठांनी तो मानला नाही. 1849 साली त्याची नेमणूक संपली, ती पुढे वाढवली गेली नाही. आपलं म्हणणं सविस्तर लिहून काढायला त्याने 1861 साल उजाडू दिलं, आणि मग नामांकित प्राध्यापकांना खुली पत्रं लिहून त्यांना खुनी ठरवलं. 1865 साली तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. त्याचं दुःख मला कळतं. डोळ्यांदेखत बायका मरत असताना कोण शांत राहील? पण त्याचं म्हणणं मान्य करायचं, तर प्रत्येक डॉक्टरला आधी कबूल करावं लागत होतं, की माझ्याच हातांनी माझे रुग्ण मेले. ते कबूल करून पुन्हा ताठ मानेने कामाला लागता येईल अशी वाट त्याने कुणालाच ठेवली नाही.

आता जामखेड. डॉ. रजनीकांत आरोळे आपल्याच जिल्ह्यातले. ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल, दोघेही वेल्लोरला शिकले. नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांना दिसलं, की येणारे बहुतेक आजार मुळात टाळता येण्याजोगे आहेत. बरा होऊन गेलेला माणूस त्याच आजाराने पुन्हा येतो. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि 1970 साली त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी पावणेदोनशेच्या घरात बाळं वर्षाच्या आत जात होती.

त्यांनी भाषणांनी सुरुवात केली नाही. लोकांना काय हवंय ते विचारलं. उत्तर आरोग्य नव्हतं. पाणी आणि अन्न होतं. दुष्काळाचे दिवस होते. मग डॉक्टर असूनही ते कूपनलिका आणि मुलांच्या जेवणाच्या मागे लागले. कूपनलिका दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथं यावं लागलं. वेगवेगळ्या जातींचे तरुण व्हॉलीबॉलच्या निमित्ताने एकत्र आले, त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली, आणि गावातल्या कुपोषित पोरांसाठी स्वयंपाक हीच मंडळी करू लागली. जातिभेदावर व्याख्यान देऊन हे झालं असतं असं मला वाटत नाही.

खरा कस पुढे लागला. आधी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या. त्यांना गावात राहणं अवघड गेलं, आणि गावाला त्या परक्या वाटल्या. तेव्हा गावातलीच बाई निवडायची असं ठरलं. अशा निवडलेल्या बहुतेक जणी निरक्षर, कित्येक दलित, कित्येक नवऱ्याने टाकलेल्या. डॉक्टरी पेशातल्या अनेकांना हे रुचलं नाही; अंगठेबहाद्दर बाई बाळंतपण काय करणार, औषध काय देणार? आरोळे दांपत्याने मात्र आपल्याकडचं ज्ञान त्यांना देऊन टाकलं. या बाया दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र राहत, शिकत, आणि परत जाऊन शेजारणीला सांगत: गरोदरपणी पोटभर खा, बाळाला पहिलं दूध पाजा, बाळंतपणाला हात धुऊन बसा.

जे व्हिएन्नाच्या प्राध्यापकांना पटलं नाही, ते जामखेडच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी स्वीकारलं. कारण सांगणारी त्यांच्यातलीच होती. तिचं स्वतःचं बाळ कदाचित अशाच चुकीने गेलेलं होतं. ती कुणाला अडाणी ठरवत नव्हती. पुढच्या दोन-अडीच दशकांत तिथला बालमृत्यूचा आकडा हजारी तीसच्या खाली आला. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं, 1979 साली आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि आज गावोगावी काम करणाऱ्या आशाताईंच्या योजनेमागे जो विचार आहे, तो जामखेडने कितीतरी आधी करून दाखवला होता.

मुलांनो, पटवून देणं म्हणजे चांगलं बोलता येणं, असा समज आहे. माझं मत वेगळं आहे. जो दुसऱ्याला बदलायला सांगतो, त्याला आधी स्वतःजवळचं काहीतरी सोडावं लागतं. आरोळ्यांनी डॉक्टरचा मान आणि डॉक्टरचं गुपित सोडलं. हिवरे बाजार गावच्या लोकांनी शेतीसाठी बोअर न घेण्याचं ग्रामसभेत ठरवलं आणि पाळलं. झळ ज्यांना बसणार होती, निर्णयही त्यांनीच घेतला. संस्था छोटी असो वा मोठी, माणूस नव्या कल्पनेला सहसा घाबरत नाही. आपण निरुपयोगी ठरू, आजवर केलेलं सगळं चुकीचं ठरेल, याला तो घाबरतो. तुमच्या कार्यालयात वीस वर्षं वह्या लिहिणाऱ्या काकांना संगणक शिकवाल, तेव्हा त्या वह्यांमुळेच हिशेब आजवर चोख राहिला, हे आधी मोकळेपणाने म्हणा. ते खरंही असतं. आणि नवी पद्धत यशस्वी झाली, तर ती काकांच्या नावाने जाऊ द्या. एवढं श्रेय सोडता येणार नसेल, तर त्या बदलावर तुमचं प्रेम नाही, स्वतःवर आहे.

हे सोपं नाही, वेळ खातं. कधीकधी वरचे लोक ऐकतच नाहीत, तेव्हा भांडावंही लागतं. सगळं गोडीनेच होतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण भांडणाआधी लोकांची गरज विचारून झाली पाहिजे, आणि ती खरोखर ऐकली पाहिजे.

संमेलन संपलं की सुट्टीत गावी जाल. तुमच्या गावच्या आशाताईंना भेटा, आणि पहिल्या घराने दार लावून घेतलं तेव्हा त्यांनी काय केलं, ते विचारा. त्या जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा.