ट्रॅक्टरचे ऑइल पेट्रोलच्या गाडीत चालते का?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बैठक संपली की कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन विचारतो, "साहेब, घरात ट्रॅक्टरच्या ऑइलचा डबा आहे. दारात जुनी फियाट उभी आहे. तालुक्याला जायला वेळ नाही. हेच ओतले तर चालेल का?" मी शेतकी शाळेत शिकलेला माणूस, मिस्त्री नव्हे. पण खताची पिशवी वाचता येते त्याला ऑइलचा डबाही वाचता येतो. म्हणून आज हा प्रश्न सगळ्यांसमोरच घेतो.

मुंबईची उपनगरे म्हटली की आपल्याला लोकलची गर्दी आणि अंधेरीचे सिनेमावाले आठवतात. आपल्या दारातले बरेचसे लोखंड मात्र तिथूनच आले आहे. फियाट ११०० डिलाइट १९६४ साली निघाली आणि पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले. ती कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार व्हायची. महिंद्राचा ट्रॅक्टर कांदिवलीचा. हिंदुस्थान पेट्रोलियमचा वंगणतेलाचा कारखाना चेंबूरजवळ माहुलला. पेट्रोलचे इंजिन, डिझेलचे इंजिन आणि दोघांचे तेल, सगळे एकाच पट्ट्यातले. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आपल्याकडे मात्र एखादी अजून मजुरांना आणि फवाऱ्याच्या ड्रमांना घेऊन शेतावर जाते.

आता डबा हातात घ्या. त्यावर इंग्रजी अक्षरे असतात, सीएच-४, सीआय-४, एसएल अशी. ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची प्रतवारी. 'एस'ने सुरू होते ते पेट्रोल इंजिनाचे, 'सी'ने सुरू होते ते डिझेलचे. पुष्कळ डिझेल ऑइलच्या डब्यावर दोन्ही असतात, 'सीआय-४/एसएल' असे. तसे असेल तर ते तेल पेट्रोल इंजिनाच्या कसोटीलाही उतरले आहे. जुन्या फियाटीत, जुन्या पेट्रोल जीपमध्ये ते खुशाल घाला. फक्त जाडी बघा. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० यांतला पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या जाडीचा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा दुसऱ्या आकड्याकडे लक्ष द्या आणि तो गाडीच्या पुस्तकाशी जुळवा.

उलट मी तर म्हणेन, अशा जुन्या इंजिनाला नव्या गाड्यांच्या पातळ पेट्रोल ऑइलपेक्षा हे बरे. का ते सांगतो. फियाटीच्या इंजिनात कॅमशाफ्ट सपाट टॅपेटवर घासत फिरतो. सगळ्या इंजिनात तिथे दाब फार. तिथली झीज थांबवते ते तेलातले जस्त आणि फॉस्फरस. हो, आपण कपाशीला देतो तेच फॉस्फरस, पण इथे त्याचे काम धातूवर पातळ थर धरण्याचे. नव्या गाड्यांच्या धुराड्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि फॉस्फरसने तो निकामी होतो. म्हणून २००४ च्या एसएम प्रतीपासून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ पेट्रोल ऑइलांत फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. डिझेलच्या सीजे-४ प्रतीत ती ०.१२ टक्के आहे. जुन्या फियाटीला कन्व्हर्टरच नाही, मग तिला कमी फॉस्फरसचे तेल कशाला?

डिझेल ऑइलात मळ धुणारे द्रव्यही जास्त असते, कारण डिझेलची काजळी जास्त. हा गुण आहे, पण एक सांभाळा. वीस वर्षे कोणतेही हलके तेल घालून आत गाळ बसला असेल तर हे तेल तो सुटा करते आणि जाळीत अडकवते. पहिल्या वेळी पाचशे किलोमीटरलाच तेल आणि फिल्टर बदला. आणि रिंगा गेलेले, तेल पिणारे इंजिन असेल तर जास्त राखेने प्लग खराब होतो. तिथे दोष तेलाचा नाही, रिंगा बदला.

आता नीट ऐका, कारण फवारणीच्या हंगामात इथेच नुकसान होते. घाटकोपर-मुलुंडच्या रस्त्यांवर पूर्वी टू-स्ट्रोक रिक्षा निळा धूर सोडत धावायच्या. त्यांच्या पेट्रोलमध्येच ऑइल जळायचे, म्हणून त्याला वेगळे, कमी राखेचे टू-टी ऑइल लागायचे. आपल्या पाठीवरचा पेट्रोल मिसळून चालणारा पॉवर पंप त्याच जातीचा. त्यात ट्रॅक्टरचे ऑइल घालू नका, थोडेसेही नाही. राख पिस्टनवर आणि प्लगवर बसते, सायलेन्सरचे भोक बुजते, पंप ऐन बोंडअळीच्या आठवड्यात बंद पडतो आणि तेव्हा मिस्त्री मिळत नाही. टू-टीची बाटली वेगळी ठेवा आणि किती मिली मिसळायचे ते पंपाच्या पुस्तकातून घ्या. आधी पाहा मात्र, फोर-स्ट्रोक पंपाला तेलाची टाकी वेगळी असते.

मोटरसायकलचेही सांगतो. जुन्या लोखंडी सिलिंडरच्या बुलेटमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर यांचे तेल वेगवेगळे असते, इंजिनात डिझेल ऑइल चालते. हिरो होंडा, स्प्लेंडर यांत क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. डब्यावर 'जासो एमए' लिहिले नसेल तर त्या गाडीत घालू नका, क्लच घसरू लागेल. कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाडीत तर पुस्तकात लिहिले तेच.

आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे किंवा गिअरचे तेल म्हणजे इंजिन ऑइल नव्हे. सुटे तेल बाटलीत आणतो आपण, नंतर कोणते कोणते ते कळत नाही. सुटे घेऊच नका.

पुढच्या बैठकीला येताना घरातले रिकामे डबे पिशवीत घालून आणा. कोणत्या डब्याचे तेल कशात जाईल ते एकेक करून बघू.