धूर कोणाच्या खात्यावर?

(एका औद्योगिक वसाहतीत लघुउद्योजक व महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्यापुढे माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



३० सप्टेंबर २०२४ या दिवसाची ब्रिटनच्या औद्योगिक इतिहासात दोन कारणांनी नोंद राहील. त्या दिवशी रॅटक्लिफ-ऑन-सोर येथील औष्णिक विद्युत केंद्र बंद झाले. १८८२ साली लंडनमध्ये कोळशावरील वीज सार्वजनिक वापरासाठी मिळू लागली होती. १४२ वर्षांनंतर कोळशाची वीज त्या देशातून निरोप घेऊन गेली. आणि त्याच दिवशी वेल्समधील पोर्ट टॅलबट येथे टाटा स्टीलच्या कारखान्यातील अखेरची झोतभट्टी थंडावली.

राष्ट्राच्या कार्बन उत्सर्जनाच्या वहीत या दोन्ही घटना एकाच रकान्यात पडतात. दोन्हींमुळे आकडा कमी होतो. परंतु त्यांचा अर्थ एक आहे काय? कोळशाची जागा त्या देशात वायू, वारा आणि इतर साधनांनी वर्षानुवर्षे घेत आणली होती. ती घट मुख्यतः खरी. पोलादाची गोष्ट निराळी. भट्टी विझली म्हणून दुसऱ्या दिवशी ब्रिटनला मोटारी व डबे यांसाठी लागणारा पत्रा कमी लागला असे नाही. भंगार वितळविणारी नवी विद्युत भट्टी उभी राहीपर्यंत कंपनीने पोलाद नेदरलँड्स, भारत आणि अन्यत्रहून आणण्याची योजना केली. धूर नाहीसा झाला नाही. त्याने गाव बदलले. नवी भट्टी सुरू झाल्यावर उत्सर्जन खरोखरच घटेल, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. पण मधल्या काळातील पोलादाचा धूर कोणाच्या खात्यावर मांडावयाचा?

प्रचलित उत्तर सरळ आहे. १९९२ च्या रिओ परिषदेत स्वाक्षरीसाठी खुल्या झालेल्या हवामानविषयक करारानुसार प्रत्येक राष्ट्र आपल्या भूमीवर होणाऱ्या उत्सर्जनाचा हिशेब देते. जेथे इंधन जळले तेथे नोंद. या पद्धतीचा गुण असा की जेथे शासनाचा अंमल चालतो तेथेच त्याच्यावर जबाबदारी पडते; शिवाय कोळसा किती जळला हे मोजणे त्यातल्या त्यात सोपे. तिच्या मर्यादेचे एक गमतीदार उदाहरण सांगतो. भारतातून वेल्सला पोलाद घेऊन जाणारे जहाज समुद्रावर जे तेल जाळते, त्याची नोंद वेगळ्या पुरवणीत होते. ती ना आपल्या राष्ट्रीय बेरजेत येते, ना त्यांच्या.

दुसरी पद्धत उपभोगाच्या बाजूने हिशेब करते. आपल्याच राज्यातील दृष्टांत घेऊ. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो आणि राखेचा त्रास तेथील लोक सोसतात. ती वीज मात्र राज्याच्या जाळ्यातून शेकडो किलोमीटरवरच्या लेथ मशिनीही फिरवते. जिल्हावार हिशेब मांडला तर चंद्रपूर मोठा अपराधी ठरेल आणि आपण या सभागृहातील पंख्याखाली निर्दोष बसू! राष्ट्रांचेही तसेच. देशातील उत्सर्जनात आयात मालामागचे उत्सर्जन मिळवावे, निर्यात मालामागचे वजा करावे. उरते ते त्या देशाच्या उपभोगाचे उत्सर्जन.

हे बोलण्यास सोपे, करण्यास कठीण. कपडे धुण्याच्या एका यंत्रामागे पोलाद असते, पोलादामागे कोळसा व वीज, विजेमागे पुन्हा कोळसा. ही साखळी कोठे तोडावी? मी कला शाखेचा पदवीधर. आकडेमोडीशी माझे सख्य शाळेतच संपले. तरीही वासिली लिओन्तिएफ यांची कोष्टके पाहिली म्हणजे कौतुक वाटते. कोणता उद्योग दुसऱ्या कोणत्या उद्योगाकडून किती माल घेतो हे आडव्या-उभ्या रकान्यांत मांडून त्यांनी सारी अर्थव्यवस्था एका तक्त्यात बसविली आणि त्याबद्दल १९७३ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अनेक देशांचे असे तक्ते जोडून प्रत्येक उद्योगाच्या धुराचा आकडा त्यात घातला की लंडनच्या दुकानातील वस्तूमागचा धूर कोणत्या देशात निघाला याचा माग लागतो.

अशा गणितातून काय दिसले? विकसनशील देशांतून विकसित देशांकडे मालाच्या रूपाने जाणारे निव्वळ उत्सर्जन १९९० साली सुमारे ४० कोटी टन होते. २००८ साली ते सुमारे १६० कोटी टन झाले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. पुढे ही वाढ थंडावली. पण ज्या वर्षांत श्रीमंत राष्ट्रे आपली वही दाखवून घट झाल्याचे सांगत होती, त्याच वर्षांत हे घडत होते. ब्रिटनमध्ये भूमीवरील उत्सर्जन घटत असता उपभोगाचे वाढत गेले, याकडे तेथील संसदेच्या समितीने २०१२ साली लक्ष वेधले. तेथील शासन आता हा दुसरा आकडाही प्रसिद्ध करते, ही स्तुत्य गोष्ट होय. भारताचा हिशेब उलट्या बाजूचा आहे: आपल्या उपभोगाचे उत्सर्जन भूमीवरील उत्सर्जनापेक्षा काहीसे कमी भरते.

म्हणून आपण हात झटकावेत काय? तसे मला वाटत नाही. निर्यातीचा पैसा आणि रोजगार आपल्याला मिळतो. आपल्याकडे एक टन पोलादामागे सरासरी सुमारे २.५ टन कार्बन डायऑक्साइड निघतो; जागतिक सरासरी याहून कमी आहे. ही तफावत परदेशी ग्राहकाने नव्हे, आपणच भरून काढावयाची आहे. शिवाय उपभोगाचे आकडे अनेक अंदाजांवर उभे असतात आणि दोन-तीन वर्षे उशिरा हाती येतात. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात, हेच मला योग्य वाटते.

आता तुमच्या व्यवसायाशी थेट संबंध असलेला भाग. युरोपीय संघाने आयात मालामागच्या कार्बनवर सीमेवर आकारणी करण्याची व्यवस्था आणली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून केवळ माहिती मागविली जात होती. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आर्थिक दायित्व सुरू झाले. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खते यांबरोबर साधे नट-बोल्टही त्यात आहेत. विसंगती पाहा: राष्ट्रांच्या वहीत हा धूर आपल्या नावावर, आणि त्याच्या आकारणीचा पैसा युरोपच्या तिजोरीत! भारताने या व्यवस्थेला आक्षेप घेतला तो उगाच नव्हे. मात्र उत्पादक देशात कार्बनची किंमत दिली असेल तर ती वजा मिळण्याची तरतूद त्यात आहे, आणि आपल्याकडे २०२३ साली अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेचे महत्त्व त्यामुळे वाढते.

दायित्व आयातदाराचे असले तरी आकडे तो तुमच्याकडेच मागणार. पोलाद कोणत्या कारखान्याचे, ते झोतभट्टीचे की भंगाराचे, भट्टीला इंधन किती लागले, याचे कागद आजपासून जपून ठेवा. पडताळलेले आकडे नसतील तर ठोकळ आकडे लावले जातात, आणि जो काटकसरीने इंधन जाळतो त्याचे त्यात नुकसान होते. तुमच्यापैकी काहींनी अशी चौकशीपत्रे आली असल्याचे मघाशी सांगितले. ती सोबत असतील तर पुढे आणावीत; चहापानापूर्वी ती एकत्र वाचू.