हमीचा कायदा आणि हिंडता मजूर

बदलत्या अर्थव्यवस्थेतील रोजगार आणि सामाजिक संरक्षण या विषयावरील ही परिषद कळवण येथे भरत आहे, आणि विषयाचे मर्म या तालुक्याच्या भूगोलातच उघडपणे दिसते. पूर्वेकडे गिरणा नदीच्या आणि चणकापूर, पुनद या धरणांच्या पाण्यावर कांदा, मका, डाळिंब ही नगदी पिके उभी राहिली. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात मात्र कोकणा, महादेव कोळी, भिल्ल या समाजांची शेती अजून प्रामुख्याने पावसावरच्या भात, नागली आणि वरईवर अवलंबून आहे, त्यामुळे खरीप उरकला की घरातील कर्ती माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे, वीटभट्ट्यांकडे किंवा बांधकामांकडे निघतात. एकच माणूस वर्षभरात स्वतःच्या शेताचा कसणारा, बागेतील छाटणीचा मजूर आणि बांधकामावरील बिगारी असतो, आणि तरीही यांपैकी एकाही कामाच्या दप्तरात त्याचे वर्ष पूर्ण नोंदले जात नाही.

सामाजिक संरक्षण म्हणजे आजारपण, अपघात, बाळंतपण, बेकारी आणि वार्धक्य यांमुळे उत्पन्न तुटले असता माणसाला हक्काने मिळणारा आधार. या व्यवस्थेची आधुनिक सुरुवात बिस्मार्कच्या जर्मनीत १८८३ च्या आजारपण-विमा कायद्याने झाली. त्या कायद्यापुढे असलेला कामगार एका कारखान्यात, एका मालकाकडे, ठरलेल्या पगारावर काम करणारा होता. भारतातील भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा याच गृहीतकावर उभे राहिले. या गृहीतकात न बसणारा मजूर हा अपवाद असून उद्योगीकरण वाढेल तसा तोही कारखान्याच्या फाटकातून आत येईल, अशी दीर्घकाळ समजूत होती. प्रत्यक्षात कारखान्यांतच कंत्राटी कामगार वाढले आणि शहरांत घरोघरी माल पोचवणाऱ्या तरुणांचा नवा वर्ग तयार झाला, ज्याची कामाची अनिश्चितता कळवणच्या बागमजुराहून फारशी वेगळी नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाला दोन स्वतंत्र उत्तरे शोधली, आणि दोन्ही या देशात प्रथम येथेच शोधली गेली, याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. पहिले उत्तर रोजगार हमीचे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात केलेला प्रयोग, १९७२-७३ च्या भीषण दुष्काळातील सार्वजनिक कामे, १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम आणि २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी, असा त्याचा प्रवास आहे. मागेल त्याला काम देणे हे शासनाचे बंधन ठरले, आणि त्यासाठी लागणारा पैसा उभा करण्याकरिता १९७५ च्या कायद्याने नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. मुंबईच्या पगारदाराने डोंगरातल्या मजुराच्या कामाचा भार उचलावा, हे तत्त्व त्या कराच्या मुळाशी होते, आणि या राज्याच्या सार्वजनिक वित्तव्यवहारातील हा सर्वांत उदात्त निर्णय मानला पाहिजे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने हेच तत्त्व कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांच्या मर्यादेत देशभर नेले.

दुसरे उत्तर माथाडी कायद्याचे. १९६९ चा हा कायदा अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेच्या लढ्याशी जोडलेला आहे, तर पुण्यात हमालांच्या संघटनेचे काम बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने दीर्घकाळ केले. हमालाला कायमचा मालक नसतो, सकाळी एका व्यापाऱ्याची पोती तर दुपारी दुसऱ्याची. म्हणून कायद्याने शासन, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ नेमले, मालकाने मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरावी, आणि मंडळाने त्यातून हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, उपदान व औषधोपचार द्यावेत, अशी तरतूद केली. मालक बदलले तरी खाते एकच राहते, ही या योजनेची खरी प्रतिभा होय. तिची अंमलबजावणी सर्वत्र सुरळीत नाही; एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत हमाली, तोलाई आणि लेव्ही कोणी भरायची यावरून लिलाव ठप्प झाले, आणि कांदा घेऊन आलेला शेतकरी व हमाल दोघेही नाडले गेले.

कळवणचा हिंडता मजूर नेमका या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत सापडतो. रोजगार हमी त्याला गावात काम देते, पण तो गाव सोडतो तेव्हा जॉबकार्ड घरी राहते. माथाडी कायदा त्याच्या अनुसूचीतील कामांपुरता आहे आणि द्राक्षबागेतील छाटणी, विरळणी ही कामे तीत येत नाहीत. बांधकाम कामगार म्हणून नोंदणीसाठी आधीच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागते, आणि वर्षाचे तुकडे करून जगणाऱ्याला ही अट पुरी करणे व सिद्ध करणे दोन्ही कठीण जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टलने असंघटित कामगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली खरी, परंतु नोंद म्हणजे खाते नव्हे, कारण तिच्यात मालकाचा एक रुपयाही जमा होत नाही. तुलनेने २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता एक पाऊल पुढे जाते, कारण तिने ॲपवरून काम देणाऱ्या कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदानाची तरतूद केली. शहरातील ॲपवरच्या कामगाराला जे तत्त्व लागू झाले ते बागेतील मजुराला लागू का होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

यावर येणारा गंभीर आक्षेप असा की बागायतदार स्वतःच अवकाळी पाऊस आणि पडते भाव यांनी पिचलेला आहे, त्याच्यावर लेव्हीचा बोजा टाकणे अन्यायाचे ठरेल. आक्षेप खरा आहे, म्हणूनच लेव्ही शेताच्या बांधावर न घेता पॅकहाउस, निर्यातदार आणि बाजारातील घाऊक व्यवहार यांच्या पातळीवर घ्यावी, आणि उरलेला वाटा व्यवसाय करातून राज्याने द्यावा. व्यवसाय कराचा जन्मच या कारणासाठी झाला होता. त्याच्या जोडीला जमिनीचा प्रश्न सुटला पाहिजे, कारण मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या आदिवासी शेतकऱ्यांची २००६ च्या वनाधिकार कायद्याच्या अंमलबजावणीची मागणी हीसुद्धा संरक्षणाचीच मागणी होती: ज्याच्या नावावर कसण्याची जमीन आहे तो मजुरीचा दर ठरवताना मुकादमापुढे, उचलीच्या ओझ्याखाली, इतका लाचार होत नाही.

या परिषदेतील अर्थतज्ज्ञ, कामगार संघटनांचे प्रतिनिधी आणि प्रशासनातील अधिकारी यांना अध्यक्षपदावरून एकच विनंती आहे: परिषद संपण्यापूर्वी हंगामी शेतमजुरांसाठी माथाडीच्या धर्तीवर कल्याण मंडळ स्थापन करण्याचा ठराव मांडावा, त्या मंडळाचे खाते मजुरासोबत तालुका आणि जिल्हा ओलांडू शकेल अशी अट त्यात स्पष्ट लिहावी, आणि त्याचा पहिला प्रयोग कळवण, सुरगाणा व पेठ या तीन तालुक्यांतून बागांकडे जाणाऱ्या मजुरांपासून सुरू करावा.